'दंडकारण्य' : एका नावाचा अर्थ आणि त्याचा वापर

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, नृसिंहवाडीच्या घाटावर जे धार्मिक विधी होतात त्यांचा आरंभ, महाराष्ट्रात अन्यत्र होतो त्याप्रमाणेच, संकल्पाने होतो. विधी करणाऱ्याने आपण कोणत्या काळी आणि कोणत्या स्थळी उभे आहोत याचा उच्चार करावयाचा, हा संकल्पाचा हेतू. त्यातील स्थळकाळाची पदे ठरलेली आहेत. जंबुद्वीप, भरतखंड, दक्षिणापथ, अमुक नदीचा अमुक काठ, शालिवाहन शक, अशी ती मालिका आहे. या मालिकेतील दोन पदांकडे बौद्ध अभ्यासकाने लक्ष दिले पाहिजे. एक 'बौद्धावतारे' आणि दुसरे 'दंडकारण्ये देशे'.

पहिल्या पदाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा म्हणजे याच कल्पनेचा स्पष्ट नकार होय. त्यावर येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. दुसरे पद मात्र निरुपद्रवी भौगोलिक नाव समजून सोडून दिले गेले. ते तसे निरुपद्रवी नाही, आणि त्याचा खरा अर्थ ज्या ग्रंथांत सापडतो ते ग्रंथ आपले आहेत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

संकल्पातील शब्दांना एवढे महत्त्व कशासाठी, असा प्रश्न निदान कोल्हापूरच्या वाचकाला पडू नये. १८९९ च्या सुमारास कार्तिकस्नानासाठी छत्रपती शाहू महाराज पंचगंगेवर गेले असता पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले, आणि त्यातून जे वेदोक्त प्रकरण उभे राहिले त्याने महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची दिशा बदलली. तीच पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. नदीच्या काठावर कोण कोणते शब्द उच्चारतो, ही बाब या प्रदेशात तरी क्षुल्लक ठरलेली नाही.

'दंडकारण्य' या शब्दाचे दोन अवयव आहेत. त्यांपैकी 'अरण्य' या अवयवाविषयीच मोठा गैरसमज आहे. आज अरण्य म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दाट झाडी उभी राहते. परंतु संस्कृत 'अरण्य' हा शब्द 'अरण' म्हणजे परका, दूरचा या शब्दाशी संबद्ध असून मुळात वृक्षांशी त्याचा काही संबंध नाही. वस्तीच्या पलीकडचे, आपले नसलेले ते अरण्य. पालीतील 'अरञ्ञ' शब्दाने हा जुना अर्थ अधिक निर्मळपणे जपला आहे. विनयपिटकात त्याची व्याख्याच दिली आहे : गाव आणि गावाचा उपचार, म्हणजे गावालगतची जागा, वगळून जे उरते ते सर्व अरञ्ञ. भिक्खूंच्या आरण्यक निवासासाठी गावापासून किमान पाचशे धनुष्यांचे अंतर सांगितले आहे. किती झाडे असावीत हे कोठेही सांगितलेले नाही. म्हणून सागाचे रान हे अरञ्ञ, खडकाळ माळ हा अरञ्ञ, आणि वाळूचा निर्जन प्रदेश हाही अरञ्ञच. धम्मपदाच्या अरहंतवग्गात अरञ्ञे रमणीय म्हटली आहेत तीही याच कारणाने. सामान्य जन ज्या जागी रमत नाहीत त्या जागी वीतराग रमतात. तेथे निसर्गवर्णनाचा हेतू नाही.

रेताड मुलखासाठी पालीत स्वतंत्र शब्दही आहेत. 'मरु', 'वण्णु' आणि 'कन्तार' हे त्यांपैकी मुख्य. वण्णुपथ जातकात साठ योजनांच्या मरुकन्ताराचे वर्णन येते. तेथील वाळू इतकी बारीक की मुठीत राहत नाही, आणि दिवसा ती निखाऱ्यासारखी तापते. म्हणून सार्थवाह रात्री प्रवास करतात, आणि ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा 'थलनियामक' म्हणजे जमिनीवरचा तांडेल बरोबर घेतात. अपण्णक जातकात चोरांचा, श्वापदांचा, निर्जळ, अमनुष्यांचा आणि अन्नाविना असे कन्ताराचे पाच प्रकार सांगितले आहेत. हे पाचही प्रकार माणसाला तेथे काय भोगावे लागते यावरून केलेले आहेत; जमिनीवर काय उगवते यावरून नाहीत. मराठीत याच्या उलट घडले. आपला 'वाळवंट' हा शब्द मुळात नदीकाठच्या वाळूचा. पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे तहानेने मरण्याची जागा असे कोणी समजत नाही. पुढे शाळेच्या भूगोलाने तोच शब्द सहारा आणि थर यांना दिला. शब्दांची अशी स्थलांतरे होतच असतात. प्रश्न तेव्हा निर्माण होतो, जेव्हा एखाद्या स्थलांतरित नावाखाली माणसे झाकली जातात.

आता मज्झिमनिकायातील उपालिसुत्ताकडे वळू. नालंदा येथे पावारिकाच्या आम्रवनात भगवान बुद्ध आणि निगण्ठ नातपुत्ताचा श्रीमंत उपासक उपालि यांचा संवाद चालू आहे. पापकर्मात काया, वाचा आणि मन यांपैकी सर्वांत भारी कोणते, हा वाद आहे. निगण्ठांची परिभाषा 'दण्ड' अशी आहे आणि त्यांच्या मते कायदण्ड सर्वांत भारी. भगवंतांची परिभाषा 'कम्म' अशी असून त्यांच्या मते मनोकम्म सर्वांत भारी. या वादात भगवान उपालीला विचारतात की दण्डकीरञ्ञ, कालिङ्गारञ्ञ, मेज्झारञ्ञ आणि मातङ्गारञ्ञ ही अरण्ये अरण्ये कशी झाली, याविषयी तू काय ऐकले आहेस? ऋषींच्या मनोपदोसाने, म्हणजे मनातील द्वेषाने, असे ऐकले आहे, असे उपालि उत्तरतो, आणि त्या उत्तरातच त्याची बाजू ढासळते. मिलिन्दपञ्हातही ही चार नावे एकत्र येतात.

येथे 'अरञ्ञभूत' असा शब्द आहे. अरण्य झालेले, अरण्य बनलेले. दण्डकीरञ्ञ आरंभापासून अरण्य नव्हते, ते अरण्य झाले. त्यापूर्वी ते काही वेगळे होते. ते काय होते हे जातकट्ठकथा सांगते. ते 'रट्ठ' होते, म्हणजे नांदते राष्ट्र. रट्ठाचे अरट्ठ झाले, ही जातकांची ठरलेली भाषा आहे.

सरभङ्ग जातकातील कथा अशी. दण्डकी राजाच्या कुम्भवती नगरीच्या उद्यानात किसवच्छ नावाचा तापस एकान्तासाठी येऊन राहिला. राजाच्या मर्जीतून उतरलेल्या एका गणिकेने त्याला पाहिले आणि हा 'काळकण्णी', म्हणजे अवलक्षणी, अशी तिची समजूत झाली. आपले दुर्भाग्य याच्या अंगावर टाकावे म्हणून ती त्याच्या जटेवर थुंकली, चावलेले दातवण तिने त्याच्यावर फेकले आणि स्वतः डोक्यावरून स्नान करून ती निघून गेली. योगायोगाने राजाला तिची आठवण झाली आणि तिचे स्थान तिला परत मिळाले. पुढे पदच्युत झालेल्या पुरोहिताने तिच्याकडून ही युक्ती ऐकली, तसेच केले, आणि त्यालाही पद मिळाले. नंतर सीमेवर बंड झाले. युद्धाला निघालेल्या राजाला पुरोहिताने तोच उपाय सांगितला. राजा थुंकला आणि त्याच्यामागून सारे सैन्य थुंकले. एकट्या सेनापतीने त्या तापसाला धुतले, पुसले, आणि आता काय होईल असे विचारले. माझ्या मनात क्रोध नाही, पण देवता कोपल्या आहेत, असे किसवच्छ म्हणाला. पुढे त्या राष्ट्रावर शस्त्रांची, निखाऱ्यांची, दगडांची आणि शेवटी बारीक वाळूची वृष्टी झाली. किसवच्छाला सरभङ्गाच्या शिष्यांनी गोधावरीच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, काठी नेले.

या कथेचे तात्पर्य ऋषीच्या शापात शोधणे म्हणजे कथा न वाचण्यासारखे आहे. तिचा गाभा थुंकण्यात आहे. एका निरपराध माणसाला अशुभ ठरवावयाचे, आपले दुर्भाग्य त्याच्या अंगावर झाडावयाचे आणि स्वतः आंघोळ करून शुद्ध व्हावयाचे, ही रीत एका स्त्रीकडून पुरोहिताकडे, पुरोहिताकडून राजाकडे आणि राजाकडून सैन्याकडे कशी पोचते, हे जातककाराने विलक्षण बारकाईने मांडले आहे. रीत पसरते ती तिचा लाभ झालेला दिसतो म्हणून. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याला स्वतःच्या थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्छेदन' या भाषणात केला आहे. तेथे थुंकी त्याची स्वतःची होती, येथे दुसऱ्यांची आहे. दोन्ही ठिकाणी विटाळाचा हिशेब एकच आहे.

हा अर्थ मी कथेवर लादतो आहे असे कोणास वाटेल, म्हणून त्याच यादीतील मेज्झारञ्ञाची कथा पाहावी. ती मातङ्ग जातकात आहे. मातङ्ग हा चांडाळ कुळात जन्मलेला, आणि या जातकात तोच बोधिसत्त्व आहे. श्रेष्ठीची कन्या दिट्ठमङ्गलिका त्याला पाहताच अशुभ दर्शन झाले म्हणून सुगंधी पाण्याने डोळे धुते, आणि तिचे लोक त्याला मारहाण करतात. कथेच्या उत्तरार्धात मेज्झ राष्ट्रातील ब्राह्मण राजाचे कान भरतात, आणि राजाचे लोक भोजन करीत असलेल्या मातङ्गाचा वध करतात. त्यानंतर मेज्झ राष्ट्रावर तप्त राखेची वृष्टी होते. म्हणजे चार अरण्यांपैकी एक अरण्य एका चांडाळ तापसाच्या हत्येने निर्माण झाले, असे पाली परंपरा सांगते. सुत्तनिपाताच्या वसलसुत्तात भगवंतांनी जन्माने कोणी नीच होत नाही हे सांगताना ज्या मातङ्गाचा दाखला दिला, ते हेच नाव. दंडकारण्याचे नाव घेताना त्याच्या शेजारचे मेज्झारञ्ञ मात्र कोणाला आठवत नाही.

देवतांच्या कोपाचे काय, हा प्रश्न आपला वाचक विचारणार, आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. जातककार देवतांना आणतो हे लपविण्याचे कारण नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. उपालिसुत्तात भगवंत स्वतः ही घटना प्रतिपादन करीत नाहीत. तू काय ऐकले आहेस, असे ते प्रतिपक्षाला विचारतात आणि त्याच्याच मान्यतेवरून त्याची विसंगती दाखवितात. वादशास्त्राच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. दुसरे असे की खुद्द अट्ठकथाकारानेही ऋषींनी मन दूषित केले ही लोकांची समजूत असल्याचे नोंदवून, त्या लोकसमजुतीच्या पातळीवर राहून हा वाद केला आहे, असे स्पष्टीकरण दिले आहे. जे बुद्धिसंगत आहे तेच बुद्धवचन मानावे, ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्यापुढे ठेवली. या ठिकाणी जुना अट्ठकथाकारही त्या कसोटीच्या अगदी विरुद्ध दिशेला उभा नाही, ही समाधानाची बाब आहे.

आता इतर परंपरा. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात दंड राजाने गुरू उशना भार्गव यांची कन्या अरजा हिच्यावर अत्याचार केला आणि भार्गवाच्या शापाने त्याच्या राज्यावर शंभर योजने धुळीचा वर्षाव झाला, अशी कथा आहे. 'अरजा' म्हणजे जिला रज, धूळ लागली नाही ती. सरोवराकाठी ती तेवढी वाचते. नाव आणि कथा एकमेकांसाठी घडविलेली दिसतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दांडक्य भोज ब्राह्मणकन्येच्या अभिलाषेने बंधू आणि राष्ट्रासह नष्ट झाल्याचे सांगितले आहे. जैन परंपरेत दंडकी राजाच्या पालक नावाच्या मंत्र्याने खंदक मुनीच्या पाचशे शिष्यांना घाण्यात पिळून मारले आणि त्यामुळे ते राज्य जळाले, अशी कथा येते. तेथील नगरीचे नाव कुंभकारकट, पालीतील कुम्भवतीच्या जवळचे. ब्राह्मणी परंपरेत अपराध ब्राह्मणाच्या कन्येविषयी घडतो; बौद्ध आणि जैन या दोन्ही श्रमण परंपरांत तो श्रमणाविरुद्ध घडतो. कोणती कथा जुनी, यावर येथे निर्णय देण्याची आवश्यकता नाही. एका मुद्द्यावर तिन्ही परंपरांचे मतैक्य आहे, आणि तोच मुद्दा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. दंडकाचे राज्य आधी होते, अरण्य नंतर झाले. महाभारताच्या सभापर्वात सहदेव शूर्पारकाच्या उल्लेखापाठोपाठ 'दंडकां'ना जिंकतो. झाडांना कोणी जिंकत नाही. बहुवचनी 'दंडक' हे एका जनसमूहाचे आणि त्याच्या देशाचे नाव होते.

असे असताना या नावाचा वापर नेमका उलट अर्थाने झाला. महाराष्ट्र म्हणजे पूर्वीचे दंडकारण्य, ते निर्मनुष्य रान होते, विंध्य ओलांडून ऋषी आले, आश्रम झाले, मग वस्ती झाली, असा क्रम आपल्याकडील लोकप्रिय लेखनात इतका रूढ आहे की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनात येत नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात दंडकारण्य म्हणजे मराठी मुलूख, असे समीकरण पंचवटीच्या आधारे मांडले. भांडारकरांवर मात्र एकांगीपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. त्याच ग्रंथात त्यांनी लेण्यांतील दानलेखांवरून सातवाहनकालीन समाजाचे जे चित्र उभे केले आहे, ते दंडकारण्याच्या कल्पनेला पुरते छेद देणारे आहे. पुढच्या लेखकांनी त्यांची आरंभीची पाने घेतली आणि दानलेख तज्ज्ञांसाठी सोडून दिले.

नृसिंहवाडीच्या परिसरापुरतेच पाहू. याच कृष्णेच्या वरच्या अंगाला कऱ्हाड आहे. इसवी सनापूर्वीच्या भरहुत स्तूपावर 'करहकट' निगमाच्या दानाचा लेख आहे. आज मध्य प्रदेशात असलेल्या त्या स्तूपासाठी कृष्णाकाठच्या एका नगराची संस्था दान पाठविते, आणि त्या नगराजवळ आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी कोरली जातात. कोल्हापुरात १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात स्तूपाच्या अवशेषांत स्फटिकाचा धातुकरंडक मिळाला. त्याच्या पेटीवरील ब्राह्मी लेखात दान करणाऱ्या 'बम्ह'चे आणि ते करविणाऱ्या 'धमगुत'चे नाव आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने पंचगंगेकाठचे सातवाहनकालीन नगर उजेडात आणले. इसवी सन ६३४ च्या ऐहोळे लेखात तीन महाराष्ट्रकांतील गावांची संख्या ९९ हजार दिली आहे. प्रशस्तिकाराची अतिशयोक्ती वजा केली तरी उरते ते अरण्य नव्हे. त्याच शतकात आलेल्या युआन श्वांगने या देशात सुमारे शंभर संघाराम आणि पाच हजार भिक्खू असल्याचे लिहिले. आणि शिलाहार राजा गंडरादित्याने शके १०३२ म्हणजे इसवी सन १११० च्या ताम्रपटात मिरज प्रदेशातील इरुकुडी येथे गंडसमुद्र तलावाच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत यांच्या मूर्ती स्थापून तिघांनाही जमीन दिल्याची नोंद आहे. मिरज नृसिंहवाडीच्या शेजारचे. बाराव्या शतकाच्या आरंभी या भागात बुद्धाच्या नावाने जमीन होती. नृसिंहसरस्वतींचा येथील बारा वर्षांचा वास त्यानंतर दोन-अडीच शतकांहून अधिक काळाने घडला. गंडरादित्याच्या ताम्रपटात बुद्ध शेजारच्या तलावाकाठी स्वतंत्र उभा आहे. संकल्पात तो केवळ विष्णूच्या अवताराचा काळ सांगणारे पद म्हणून शिल्लक राहतो. या दोहोंच्या दरम्यान काय घडले याचा शोध घेणे हे आपल्या तरुण अभ्यासकांचे काम आहे.

पाली ग्रंथांत या भूमीचे स्वतःचे नावही आहे. तिसऱ्या संगीतीनंतर महाधम्मरक्खित थेर 'महारट्ठ' येथे गेले, असे महावंस सांगतो. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोधावरीकाठच्या बावरीचे सोळा शिष्य पतिट्ठान म्हणजे पैठणवरून महिस्सति आणि उज्जेनीमार्गे भगवंतांच्या भेटीस निघतात. हा रुळलेला व्यापारी मार्ग आहे. बावरीची भूमी अस्सक आणि अळक यांच्या सीमेवरची, दोन नांदत्या देशांच्या मधली. तेव्हा एका बाजूला 'रट्ठ' आणि दुसऱ्या बाजूला 'अरञ्ञ' अशी ही दोन नावे समोर ठेवून पाहिली तर कोणत्या परंपरेने या भूमीला माणसांची भूमी म्हणून ओळखले हे सांगावे लागत नाही. गंमत अशी की संकल्पातच त्याचा प्रतिवाद दडलेला आहे. काळ मोजावयाचा पैठणच्या शालिवाहनाच्या नावाने आणि देश सांगावयाचा ओसाड अरण्याच्या नावाने, हे एकाच श्वासात चालते. 'जंबुद्वीप' हे पदही अशोकाच्या लघु शिलालेखांत आहे. नृसिंहवाडीला तर ही विसंगती डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते आणि त्याचा सोहळा होतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. अशा जागी उभे राहून धुळीने बुजलेल्या राज्याचे नाव घ्यावयाचे!

येथे आपल्या बाजूच्या लेखनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पौराणिक नाव घ्यावयाचे, त्याचे चिन्ह तेवढे उलटे करावयाचे, आणि दंडक हा अमुक वंशाचा नायक होता, अरण्यातील सर्व राक्षस आपले पूर्वज होते, असे दोन ओळींत सिद्ध करून मोकळे व्हावयाचे, ही पद्धत आपल्या काही पुस्तिकांत बोकाळली आहे. तिचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तिच्यात पुराणाची चौकट जशीच्या तशी राहते. पाली आधार हाताशी असताना ध्वनिसादृश्यावर व्युत्पत्ती उभारण्याची आपल्याला काय गरज? शिवाय दण्डकी हा पाली कथेत अपराधी राजा आहे. त्याला नायक करताना थुंकी झेलणारा किसवच्छ आणि त्याला धुणारा सेनापती, दोघेही हातचे निसटतात. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखातील 'कण्हबेंणा' नदीविषयीही असाच उतावळेपणा होतो. ती आपली कृष्णावेण्णा असे काही विद्वान मानतात, तर काही ती विदर्भातील कन्हान-वैनगंगा समजतात. पहिला पक्ष कृष्णाकाठच्या आपल्या मनाला सुखावतो, एवढ्यावरून तो सिद्ध झाला असे लिहू नये.

नावाचा हा वापर केवळ पोथ्यांत राहिला असता तर एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण नव्हते. १९५८ साली केंद्र सरकारने पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले. बस्तर, कोरापुट आणि कालाहंडीचा मुलूख त्यासाठी निवडला गेला. महाकाव्यातील नाव सरकारी कागदावर आले आणि त्याबरोबर रिकाम्या जमिनीची कल्पनाही आली. वास्तविक त्या मुलखात गोंड आणि अन्य आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तेथे पाठविलेल्या निर्वासितांत मोठा भाग नामशूद्रांचा होता. १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले ते ज्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या प्रयत्नांनी, त्या मंडलांचा हा समाज. भातशेतीच्या, नद्यांच्या प्रदेशातील हे लोक कोरड्या, अनोळखी जमिनीवर सोडले गेले. त्यांच्यापैकी हजारो लोक १९७८ मध्ये सुंदरबनाकडे परतले आणि मरिचझापी बेटावर वसले. जानेवारी १९७९ मध्ये त्या बेटाची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात वस्ती मोडून काढण्यात आली. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. जातककाराला हे सांगितले असते तर अरञ्ञभूत होणे म्हणजे काय, हे त्याला नव्याने समजावून द्यावे लागले नसते.

त्यानंतर वृत्तपत्रांच्या भाषेत हे नाव बस्तर आणि गडचिरोलीपुरते, सशस्त्र संघर्षाच्या संदर्भात राहिले. त्यामुळे आज एकाच राज्यात दोन दंडकारण्ये आहेत. एक संकल्पातले, ज्यात पुणे, सातारा, कोल्हापूर येते आणि ज्याचा अर्थ कोणी विचारीत नाही. दुसरे बातमीतले, ज्यात राहणाऱ्या माणसांचे नाव क्वचितच छापले जाते.

शेवटी भाषांतराचा एक व्यावहारिक प्रश्न. उपालिसुत्ताच्या मराठी भाषांतरात 'अरञ्ञं अरञ्ञभूतं' या पदांसाठी 'अरण्य' हाच शब्द ठेवला तर वाचकाच्या मनात झाडी उभी राहते आणि संवादाचा जोर नाहीसा होतो. 'वाळवंट' म्हणावे तर वाळू तेवढी दिसते, वस्ती उठून गेल्याचे दिसत नाही. 'ओसाड' आणि 'उजाड' हे शब्द अर्थाच्या जवळ जातात. परंतु आपल्या महसुली दप्तरात याहून नेमका शब्द आहे. ज्या गावाची हद्द कागदावर शिल्लक आहे पण जेथे आता कोणी राहत नाही, दिवा लागत नाही, त्या गावाला 'बेचिराख' म्हणतात. मूळ फारसी 'बेचिराग'. दण्डकीचे राष्ट्र बेचिराख झाले, असे लिहिले तर तेथे पूर्वी दिवे होते हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. यापुढील भाषांतरात हा शब्द वापरून पाहावा, आणि नावाखाली सरभङ्ग व मातङ्ग या दोन्ही जातकांचा निर्देश अवश्य द्यावा, अशी संपादकांस विनंती आहे.